गोधडीतला पाक

प्लास्टिक आमच्या घरात शिरलं ते सासरे गेल्यावर. ते असते तर उंबऱ्यावरूनच माघारी गेलं असतं. ऑरिन टटल यांचा मेपलचा पाक पत्र्याच्या डब्यात जायचा, आणि डबे पलीकडच्या गावातला एक म्हातारा बनवायचा. तो म्हातारा दुकान बंद करून मुलीकडं राहायला गेला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याकडचे उरलेसुरले डबे उचलून आणले आणि माळ्यावर रचले. हे संपेपर्यंत आपणही संपू, असा त्यांचा हिशेब. तो जवळजवळ बरोबर आला. डबे एका वसंतात संपले आणि सासरे पुढच्या जानेवारीत, गोठ्यात, अर्ध्या भरलेल्या दुधाच्या बादलीशेजारी.

"माझ्या पाकाला प्लास्टिक लागलं तर मी घर सोडून जाईन," असं ते नेहमी म्हणायचे. फेब्रुवारी सरता सरता माझा नवरा मर्ल दुकानातून पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनची खोकी घेऊन आला, कारण दुकानात दुसरं काही मिळतच नव्हतं. सासूबाईंनी एक कॅन हातात घेतला, दाबून बघितला, हुंगला, आणि खुंटीवरच्या नवऱ्याच्या टोपीकडं बघून म्हणाल्या, "गेलासच की शेवटी."

त्यांचं नाव व्हेस्टा. ठेंगणी बाई, मनगटं पुरुषासारखी, आणि जिभेला धार अशी की लाकडं फोडायला कुऱ्हाड लागू नये. मी खालच्या गावातली, गिरणीत काम करणाऱ्यांची मुलगी. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती तरी त्या मला 'नवी' म्हणायच्या. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे आणि मला त्यांची आठवण येते ती नेहमी मार्चमध्येच, पायाखालचा बर्फ दुपारी मऊ पडायला लागला की.

आमचं स्वतःचं रान थोडं. खालच्या उतारावर मेपलची झाडं होती, पण त्यांच्या रसानं काहिलीचा तळसुद्धा धड झाकला नसता. खरं रान वरचं, आणि ते हायरम पेटिंगिलचं. हायरम बिनलग्नाचा म्हातारा, दोन काठ्यांवर चालायचा. त्याच्या बापाच्या काळापासून सासरे ते रान चौथाईनं करत आले होते: झाडं त्यांची, राबणं आमचं, आणि पाकाचा चौथा हिस्सा त्यांना पोचता करायचा. कागद वगैरे काही नाही.

फेब्रुवारीत हायरम आला आणि अंगातला कोट न काढता स्वयंपाकघरात बसला. कोट न काढता बसलेला माणूस चांगलं बोलायला आलेला नसतो.

"ऑरिन गेला," तो म्हणाला. "क्लाइड बेल रान मागतोय. त्याच्याकडं झाडापासून रस थेट खाली आणणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या आहेत, माणसं आहेत."

"आणि आमच्याकडं काय नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"ऑरिन नाही."

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. हातातलं फडकं त्यांनी पिळलं, पाणी नसताना पिळलं.

"यंदा तुम्हीच करा," हायरम म्हणाला. "ऑरिननं मला कायम पहिल्या रसाचा, फिका पाक दिला. तसा दे. चौथाई बघतो, मग काय ते बोलू."

"देईन," सासूबाई म्हणाल्या.

फिका पाक म्हणजे आमच्याकडं नाक असतं. हंगामाच्या सुरुवातीचा रस थंड आणि स्वच्छ, त्याचा पाक उन्हासारखा पिवळा. पुढं दिवस तापत जातात तसा पाकही काळवंडत जातो. काळा पाक घरात बीन्समध्ये घालायचा, तो पाहुण्यासमोर मांडत नाहीत.

नवरा गेल्याचं दुःख सासूबाई कधी करायच्या कोण जाणे. दिवसा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वरचं रान गेलं तर भट्टीघराला कुलूप लागणार, आणि आपण नवऱ्यामागं सहा महिनेसुद्धा त्याचं काम टिकवू शकलो नाही असं गाव म्हणणार. गावाचं सोडा, त्या स्वतःच तसं म्हणणार होत्या.

मार्च लागला आणि आम्ही दोघी वर गेलो. मर्लला लाकडाच्या गिरणीत दिवसपाळी, तो संध्याकाळचा तेवढा मदतीला. बर्फ मांडीपर्यंत. पायात जाळीच्या बर्फचपला, घोडीच्या घसरगाडीवर बादल्यांची चळत. सासूबाई झाडाला गिरमिट लावायच्या, त्याच्या मुठीवर छाती टेकवायच्या आणि सगळं अंग रेटून भोक पाडायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या अंगरखा बदलत होत्या तेव्हा मी बघितलं, छातीच्या हाडावर मुठीएवढा काळानिळा डाग उठला होता. बोलले असते तर बोलणी खाल्ली असती.

मी मागून तोट्या ठोकायची आणि बादल्या टांगायची.

"तोटी ठोकतीयेस का दारावर टकटक करतीयेस?" त्या म्हणायच्या. "झाड काय 'या, बसा' म्हणणारे का?"

बादल्या टांगून झाल्या आणि थंडीच गेली. रस यायचा तर रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं. तेव्हा रात्रीही ढगाळ, ओल्या. बादल्यांच्या तळाशी पावसाचं पाणी आणि दोन-चार पतंग, एवढीच कमाई. सासूबाई पहाटे उठून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला तळवा लावून बघायच्या आणि चूल पेटवायच्या. काच कोरडीच असायची.

क्लाइड बेल एकदा रस्त्यानं जाताना गाडी थांबवून डोकावला. तिशीतला, गुबगुबीत, सदा हसरा.

"काकू, बादल्या रिकाम्याच वाजतात की."

"तुझ्या डोक्याइतक्या नाही वाजत," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला. मनानं वाईट नव्हता क्लाइड, पण वरच्या रानाकडं बघताना त्याची मान जरा लांब व्हायची.

मग एका पहाटे काचेवर बर्फाची पानं उमटली. दहाच्या सुमाराला ऊन पडलं, आणि वरच्या रानात सगळ्या बादल्या एकदम टपटपायला लागल्या. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. आता रानात नळ्या आहेत, रस गुपचूप खाली येतो. बादल्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, अगदी झोपेतसुद्धा.

आम्ही दोघींनी दिवसभर रस वाहिला. झाडाची बादली हातातल्या बादलीत रिकामी करायची, ती घसरगाडीवरच्या टाकीत, टाकी भरली की घोडीला नुसती चुचकारायची, ती आपणहून भट्टीघराकडं चालू लागायची. हातमोजे भिजून कडक व्हायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी भट्टी लावली.

भट्टीघर म्हणजे फळ्यांची झोपडी, छपराला मध्ये उघडणारी झडप, आणि खाली लांब काहील. वाफेत माणूस माणसाला दिसत नाही. काहिलीवर दोरीनं डुकराच्या चरबीचा तुकडा टांगलेला, फेस उतू जायला लागला की चरबीला टेकतो आणि लाजल्यासारखा खाली बसतो. सासूबाई झाऱ्यानं पाक उचलून बघत. आधी थेंब पडतात, मग दोन-दोन थेंब जुळून पडतात, आणि पाक झाला की झाऱ्याच्या काठावरून पदरासारखा पसरट लोंबतो. रसातच आम्ही अंडी उकडून खाल्ली. असं जेवण मी पुन्हा कुठं जेवले नाही.

दुपारी पाक पहिल्यांदा पदरासारखा लोंबला. सासूबाईंनी काचेच्या बाटलीत थोडा घेऊन दाराशी उजेडात धरला. इतका फिका पाक मी त्या घरात बघितला नव्हता.

"ऑरिनला दाखवायला हवा होता," त्या म्हणाल्या, आणि बाटली मला देऊन आत भट्टीत लाकडं सारायला गेल्या. बराच वेळ सारत होत्या.

मग भरायचं काम. भट्टीघराला लागून एक लहान खोली होती, आणि तिथं सासऱ्यांशिवाय कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. रस वाहायला सासूबाई, लाकडं फोडायला सासूबाई, फेस काढायला सासूबाई. भरायची वेळ आली की सासरे एकटे आत जात आणि दार आतून लावून घेत. सासूबाई कॉफीचा कप घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. दार हातभर उघडायचं, कप आत जायचा, दार बंद. "वाफ जाते," एवढंच कारण ते सांगायचे. मर्ललाही घेत नसत. भरलेले डबे मग दोन दिवसांनी घरात यायचे, गार, पुसलेले. आत काय करतात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या घरात सासऱ्यांना कुणी दोनदा विचारत नसे.

त्या दिवशी आम्ही दोघी आत गेलो. लोकरीच्या गाळण्यातून पाक गाळला आणि गरम असतानाच कॅनमध्ये ओतायला लागलो. ओतला की कॅन हातात मऊ पडायचा, तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. तोंडापर्यंत भरून झाकण आवळायचं आणि झाकणालाही गरम पाक लागावा म्हणून जरा आडवा करायचा. एवढं कॅनच्या खोक्यावरच्या चित्रात होतं.

पहिले पाच-सहा कॅन आम्ही फळीवर एकेक ठेवले. संध्याकाळपर्यंत ते गार झाले आणि त्यांचे गाल आत गेले. एक तर चांगलाच वाकडा झाला.

सासूबाई त्यांच्याकडं बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बघ. कवळी काढलेल्या म्हाताऱ्या बसल्यात ओळीनं. हे हायरमच्या टेबलावर नेऊन ठेवू? क्लाइड हसून हसून खुर्चीवरून पडेल."

"आत पाक तर चांगलाय ना, आई."

"आतलं नंतर दिसतं, पोरी. आधी तोंड दिसतं."

त्यांचं म्हणणं पडलं की थंडी एकदम लागली म्हणून असं झालं. आणि त्यात चूक काय होती? ऑगस्टमध्ये आम्ही काचेच्या बरण्यांत टोमॅटो आणि बीन्स भरायचो, तेव्हा उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्या जाड टॉवेलखाली झाकून ठेवायचो. वारं लागलं तर बरणी तडकते. गरम भरलेल्या वस्तूला वारं लागू द्यायचं नाही, हे आमच्याकडं पोरीबाळींना चालायला लागल्यापासून कळतं. सासूबाईंनी आयुष्यभर तेच केलं होतं आणि त्यांची एक बरणी कधी फुटली नव्हती.

ते वाकडे कॅन घरच्यासाठी बाजूला काढले. चौथाईचे कॅन नवे भरले आणि गरम गरम घरात आणले. सासूबाईंनी चुलीशेजारची पांघरुणांची लाकडी पेटी रिकामी केली, तळाशी गोधडी अंथरली, त्यावर कॅन एकाला एक खेटून लावले, मध्ये फटीत टॉवेल कोंबले, वर आणखी दोन गोधड्या, आणि सगळ्यात वर त्यांच्या लग्नातली निळ्या ताऱ्यांची गोधडी. ती मी त्याआधी बाहेर निघालेली बघितली नव्हती.

मर्ल गिरणीतून आला, बूट काढता काढता पेटीकडं बघून म्हणाला, "पाकाला सर्दी झालीये का, आई?"

"तू जेव."

"एखादी गोष्ट सांगून झोपवणार असशील तर मीही बसतो ऐकायला."

सासूबाईंनी त्याच्या ताटात बीन्स वाढले, नेहमीपेक्षा जरा जोरात. पण त्या रात्री त्या हसऱ्या होत्या. पेटीजवळून जाताना दर वेळी गोधडी सारखी करत होत्या.

पुढचे तीन दिवस आम्ही उरलेला रस आटवला, आणि शनिवारी हवा फिरली. दुपारपासून उबदार वारा, छपरावरून पाण्याच्या धारा, आणि तळ्याच्या बाजूनं बेडकांचा आवाज. बेडूक बोलले की आमचा हंगाम संपला. झाडांना कळ्या फुगायला लागतात आणि रसाला कडवट वास येतो. त्यानंतर फिका पाक पुढच्या वर्षीच.

"मिळाला तेवढा पुरे," सासूबाई म्हणाल्या. चौथाई सोमवारी पोचती करायची ठरलं होतं. रविवारच्या न्याहारीला त्यांनी धिरड्यासारखे जाड पोळे केले आणि मी वाकड्या कॅनमधला एक फोडला. पाक सोन्यासारखा होता. मर्ल बोट चाटत म्हणाला, "क्लाइडला नळ्या गळ्यात घालून फिरू दे आता."

"चौथाईतला एक उघड," सासूबाई मला म्हणाल्या. "सारखाच आहे ना, बघून घेऊ."

मी पेटी उघडली, गोधड्यांखाली हात घातला आणि दचकले. मधले कॅन अजून कोमट होते. अंड्यावर बसलेल्या कोंबडीखाली हात घातल्यावर लागतं तसं. तीन दिवसांनी.

मी मधला कॅन काढून वाटीत ओतला. कोऱ्या चहाचा रंग. सासूबाईंनी शेजारी वाकड्या कॅनमधला पाक ओतला. एकाच काहिलीतला, एकाच दुपारचा. 

मर्लला आधी वाटलं प्लास्टिकच खराब आहे. मग त्यानंही पेटीत हात घातला आणि शेजारच्या चुलीकडं बघितलं. तीन दिवस चुलीजवळ झाकून ठेवलेला पाक मंद आचेवर शिजतच राहिला होता. जे कॅन आम्ही टाकल्यासारखे थंड फळीवर टाकले ते वाचले, आणि ज्यांना अंगाखांद्यावर घेतलं तेच काळे झाले. अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही.

"मी शिजवला," सासूबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "माझ्या हातानं शिजवला."

"आई, ऐक," मर्ल म्हणाला. "घरचे फिके पाच आहेत. ते खोक्यात वर ठेवू, काळे खाली. हायरम वरचाच उघडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकूनच तर हे झालंय."

"मग रान घालवतेस?"

त्यांनी मुलाकडं इतका वेळ बघितलं की तो खिडकीकडं वळला. मला मर्लचा राग आला नाही. त्या रात्रभर मीही तेच खोकं मनातल्या मनात भरत होते.

सोमवारी मी गाडी चालवली आणि सासूबाई मांडीवर एक वाकडा कॅन घेऊन शेजारी बसल्या. मागं काळ्या पाकाची चौथाई. रस्त्यात चिखल इतका की चाकं दोन वेळा रुतली आणि दोन्ही वेळा त्यांनी खाली उतरून ढकललं. हायरमच्या दारात पोचलो तेव्हा त्यांचा चर्चला घालायचा स्कर्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता. आणि दारात क्लाइडची गाडी उभी होती.

क्लाइड टेबलाशी डोनट खात बसला होता. "या काकू," तो घरच्यासारखा म्हणाला.

हायरमनं पहिला कॅन उघडायला लावला. पाक लहान पेल्यात घेतला, खिडकीशी धरला आणि पेला खाली ठेवला. दुसरा उघडायला सांगितला. मग तिसरा. क्लाइडनं डोनट चावायचं थांबवलं.

"ऑरिननं मला असला पाक कधी आणला नाही," हायरम म्हणाला.

"नाही आणला." सासूबाईंनी वाकडा कॅन टेबलावर ठेवला. "हा बघ. काहिलीतून असा निघाला होता. बाकीचे मी गोधड्यांत गुंडाळून पेटीत घातले, चुलीशेजारी. कॅनचं तोंड वाकडं दिसू नये म्हणून. गार करायला ठेवायचे ते उबवले. चूक माझी आहे, रानाची नाही आणि रसाची नाही."

"गोधड्यांत?" क्लाइडला हसू आवरेना. तोंडातलं डोनट ठसक्यानं बाहेर आलं. सासूबाईंचे कान लाल झाले, पण त्या हायरमकडंच बघत होत्या. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं.

"एवढं माहीत नव्हतं?" हायरमनं विचारलं.

"त्यानं भरायच्या खोलीत कधी येऊ दिलं नाही."

"मग ज्या घरात कुणालाच माहीत नाही, त्या घराकडं मी रान कशासाठी ठेवू, व्हेस्टा?"

"आता मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

हायरमनं पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "क्लाइड, गाईकडं जरा बघून ये."

"काय झालंय गाईला?"

"तेच बघून ये."

क्लाइड गेला. दार नीट लागल्याचा आवाज येईपर्यंत हायरम थांबला. मग त्यानं काठीनं खुर्ची सासूबाईंकडं सरकवली.

"बस. तुमचं लग्न झालं ना, त्याच वसंतात ऑरिननं माझ्या बाबांकडं त्याची पहिली चौथाई आणली. याच टेबलावर. डबा उघडला तर आत डांबर. यापेक्षा काळं."

"ऑरिननं?"

"ऑरिननं. थंडी कडक होती, डब्यांचे सांधे उकलतील म्हणून त्यानं घोड्यांच्या घोंगड्या घातल्या होत्या वर, आणि त्यावर पेंढा. तू निदान धुतलेल्या गोधड्या घातल्यास."

सासूबाई बसल्या नाहीत.

"इथं उभा राहून रडला बिचारा. बाबांना म्हणाला, रान हवं तर काढून घ्या, पण घरी नवी बायको आणलीये, तिला हे कळू देऊ नका. माझ्याकडूनही शब्द घेतला. मी आजवर तोंड उघडलं नव्हतं." हायरमनं काठी टेबलाला टेकवून ठेवली. "बाबा म्हणाले, दुधानं तोंड पोळलेला ताकसुद्धा फुंकून पितो, रान याच्याकडंच राहू दे. मीही तेच म्हणतो. रान तुझ्याकडं. पुढच्या वर्षी मात्र फिका दे."

मी जवळजवळ हसलेच, एवढं बरं वाटलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. रानाचं त्यांच्या कानावर पडलं की नाही, मला आजही शंका आहे.

"म्हणून दार लावायचा," त्या म्हणाल्या.

"कसलं दार?" हायरमनं विचारलं.

त्या दाराकडं वळल्या. चौथाई तिथंच ठेवून आम्ही निघालो. हायरम काळा पाक परत न्या म्हणत होता, पण चौथाई म्हणजे चौथाई. अंगणात क्लाइड गोठ्यातून येताना भेटला, "गाय तर ठणठणीत आहे" म्हणाला. सासूबाई त्याच्या अंगावरून गाडीत जाऊन बसल्या.

गावाच्या अलीकडं कबरस्तानाचं वळण लागतं. तिथं त्या म्हणाल्या, "थांबव."

आमच्याकडं हिवाळ्यात जमीन दगड होते, कुदळ आत जात नाही. थंडीत जे जातात त्यांना टेकडीच्या पोटात खणलेल्या दगडी खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात माती सुटली की एकेकाला पुरतात. जानेवारीपासून सासरे तिथं होते. खोलीला लोखंडी दार आहे, कुलूपबंद.

सासूबाई बर्फातून चिखलातून तिथवर चालत गेल्या. मी गाडीची काच खाली केली होती, म्हणून ऐकू आलं. त्यांनी मुठीनं दार वाजवलं, शेजाऱ्याचं वाजवावं तसं.

"ऑरिन. घोंगड्यांचं कळलं मला."

मग त्या पुढं झुकल्या, कपाळ दाराच्या लोखंडाला टेकवून.

"आख्खा संसार त्या दाराबाहेर उभी राहिले रे मी, कॉफी घेऊन. मला वाटायचं, माझ्याच हातात काहीतरी कमी असेल. सांगितलं असतंस तर मी हसले असते. एकदाच हसले असते, आणि संपलं असतं. मग दर वर्षी आत बसलो असतो दोघं, उबेत."

त्या दाराजवळच्या दगडावर बसल्या. मला माझ्या सासूचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, सासरे गेले त्या दिवशीसुद्धा नाही. मी गाडी बंद केली आणि त्यांना हाक मारली नाही.